मदत हवी आहे: सिम्युलेशनमध्ये गेन मस्त, पण बोर्डावर पखवाजाचा आवाज फाटायलाय

नमस्कार मंडळी, मी डिप्लोमाला आहे, गाव गंगाखेडकडचं. गावात सप्ताह बसायलाय, भजनी मंडळाच्या पखवाजाला छोटा कंडेन्सर माईक लावून त्याचा प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) बनवायलोय. बीसी५४७बी ट्रान्झिस्टर, १२ व्होल्ट सप्लाय, बेसला ४७ के आणि १० के (किलोओहम) रेझिस्टर, कलेक्टरला ४.७ के, एमिटरला १ के आणि त्याला पॅरलल १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एलटीस्पाइस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये एसी अ‍ॅनालिसिस केलं तर ४७ डीबी, म्हणजे सव्वादोनशे पट गेन, एवढं बघून लगेच ब्रेडबोर्डवर लावलं.

हळू बोललं की आवाज स्वच्छ येतो पण पखवाजावर थाप पडली की असा फाटतो की ऐकवत नाही. मीटरनं बघितलं, कलेक्टरवर ५.४ आणि एमिटरवर १.४ व्होल्ट, सिम्युलेशनशी जुळायलंय, म्हणजे बायसिंग (सिग्नल नसतानाचे व्होल्टेज) बरोबर असावं. ट्रान्झिस्टर दोनदा बदलला, पाय पण उलटे नाहीत, चपटी बाजू आपल्याकडं धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असंच लावलंय. कॉलेजात सीआरओवर (वेव्ह दाखवणारा ऑसिलोस्कोप) बघितलं तर वेव्हची खालची बाजू चाकूनं कापल्यासारखी सपाट. माईकमधून थापेला ५० मिलिव्होल्टपर्यंत येतंय. मग सिम्युलेशनमध्ये हे का दिसंना? मॉडेल चुकलं का? सप्ताहाला आठच दिवस राहिलेत, मंडळातले काका रोज विचारायलेत, कृपया सांगा.

प्रतिसाद:
भावा मॉडेल बरोबर आहे. एसी अ‍ॅनालिसिस ट्रान्झिस्टरला बायस पॉईंटवर सरळ रेषेसारखं धरतं, सप्लाय १२ चाच आहे हे त्याच्या गावीही नसतं, १ व्होल्ट इनपुट दिलास तर सव्वादोनशे व्होल्ट आउटपुट दाखवील. ५० मिलिव्होल्ट गुणिले २२५ म्हणजे ११ व्होल्टच्या वर, आणि तुझा कलेक्टर ५.४ वरून खाली पावणेचार व्होल्टच सरकू शकतो, नंतर ट्रान्झिस्टर सॅच्युरेट, म्हणजे पूर्ण चालू, वेव्ह तिथंच सपाट. सिम्युलेशनमध्ये ट्रान्झियंट (वेळेनुसार खरी वेव्ह काढणारं) लाव, ५० मिलिव्होल्टची साईन दे, सीआरओवरची तीच वेव्ह दिसंल.

एमिटरच्या १ के चे दोन भाग कर, १५० आणि ८२० ओहम, कपॅसिटर फक्त ८२० ला. गेन ४७०० भागिले १६८ (१५० अधिक ट्रान्झिस्टरचा आतला १८), म्हणजे २८ वर येईल. पुढच्या अँप्लिफायरचा इनपुट रेझिस्टन्स १० के असला तर १९ च धर. गेन गेला म्हणून जीव खाली-वर करू नको, पखवाजाला तेवढा भरपूर, आणि ट्रान्झिस्टर बदलला तरी फारसा हलणार नाही, ते जास्त कामाचं आहे.

धागाकर्ता:
दादा, ट्रान्झियंट केलं, हुबेहूब तसंच सपाट! दुकानात १५० मिळाला नाही म्हणून ३३० चे दोन पॅरलल लावले, १६५ झाले. घरी लहान पखवाजावर वाजवून बघितलं, थाप एकदम मोकळी येतेय. संध्याकाळी देवळात मोठ्या अँप्लिफायरला लावतो, काकांना पण बोलावलंय.