काउन्सिलचं घर मामींनंतर भाच्याला मिळेल का? भाच्याच्या नावावर फ्लॅट आहे

टेम्सकाठ
पूर्व लंडनमधला काउन्सिलचा (स्थानिक पालिकेचा) दोन बेडरूमचा फ्लॅट, टेनन्सी (भाडेकरूपणाचा करार) १९९४ पासूनची. मामा २०१६ मध्ये गेले, तेव्हापासून भाडेकरू म्हणून एकट्या मामींचं नाव आहे. भाचा, म्हणजे मामांच्या बहिणीचा मुलगा, चार वर्षं त्यांच्याबरोबर राहतोय. रेडिंगला त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे, तो भाड्याने दिलाय. शिवाय ठाण्यातल्या घरात वडिलांकडून आलेला हिस्सा. मामींना केअर होममध्ये हलवायचं बोलणं सुरू आहे. स्वतःचं घर असलेल्याला टेनन्सी मिळतच नाही असं सगळे सांगतात. खरं आहे का? आणि मामी असतानाच नावावर करून घेता येते का?

भाडेपावती
"सगळे" सांगतात ते चूक आहे. पण त्यावर खूश होण्याआधी पुढचं वाचा.

इंग्लंडमध्ये काउन्सिलची सिक्युअर टेनन्सी (कायद्याचं संरक्षण असलेली) हाऊसिंग ॲक्ट १९८५ खाली येते. १ एप्रिल २०१२ च्या आधीची टेनन्सी असेल तर नवरा-बायको-जोडीदार सोडून इतर नातेवाइकालाही ती मिळू शकते. तो कायद्याच्या यादीतला नातेवाईक हवा. मृत्यूपर्यंतचे सलग १२ महिने तो भाडेकरूबरोबर राहत असला पाहिजे. आणि मृत्यूच्या वेळी ते घर त्याचं एकमेव किंवा मुख्य घर असलं पाहिजे. दुसरीकडे मालमत्ता नसावी अशी अट या कायद्याच्या वारसाबद्दलच्या कलमात कुठेही नाही. मालकी आडवी येते ती "मुख्य घर कोणतं" या प्रश्नावर.

यादीत आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, भावंडं, काका-मामा-आत्या-मावशी आणि भाचे-पुतणे आहेत. लग्नाने जोडलेलं नातं रक्ताच्या नात्यासारखंच धरतात, त्यामुळे नवऱ्याच्या बहिणीचा मुलगाही चालतो. चुलत, मामे, आते, मावस भावंडं मात्र यादीत नाहीत. आपल्याकडे "सख्ख्यासारखा" म्हणतात, न्यायाधीश म्हणत नाहीत.

१ एप्रिल २०१२ नंतरच्या टेनन्सीत कायद्याने हक्क फक्त जोडीदाराला. इतरांना हवा असेल तर करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं.

आता खरा प्रश्न: १९९४ चा करार कोणाच्या नावावर होता? एकट्या मामांच्या, एकट्या मामींच्या, की दोघांच्या?

क्रॉयडनकर
तोवर पुराव्याचं बघू, कारण अर्ज बहुतेक वेळा तिथेच पडतात.

पहिली गोष्ट, काउन्सिल टॅक्स. घरात एकच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट मिळते. मामी ही सूट घेत असतील तर भाचा चार वर्षं तिथे राहत होता हे त्यांच्याच सहीने खोटं ठरतं. (पूर्णवेळ विद्यार्थी मोजत नाहीत, म्हणून शिकत असेल तर गोष्ट वेगळी.) काउन्सिलला ही नोंद शोधायला कुठे जावं लागत नाही, तिच्याच दुसऱ्या खात्यात असते.

दुसरी गोष्ट, रेडिंगचं मॉर्गेज. ते राहत्या घराचं असेल तर बँकेला "मी इथे राहतो" असं लिहून दिलेलं असतं. तोच कागद इथे उलटा फिरतो. बाय-टू-लेट (भाड्याने द्यायच्या घराचं) मॉर्गेज आणि भाडेकरूबरोबरचा करार असेल तर उलट मदतच होते, कारण दुसऱ्याला दिलेल्या घरात आपण राहत नाही हे उघड आहे. तो फ्लॅट रिकामा असता, शनिवार-रविवार तिथे जाणं असतं, तर बाजू फार लंगडी झाली असती.

मग नेहमीचे कागद: मतदारयादी, जीपीकडची (फॅमिली डॉक्टरकडची) नोंद, ड्रायव्हिंग लायसन्स, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, सगळ्यांवर तोच पत्ता आणि १२ महिने न तुटता. मृत्यूनंतर महिनाभराने बदललेल्या पत्त्याला किंमत नाही.

टेम्सकाठ
करार सापडला. पहिल्या पानावर मामा आणि मामी दोघांची नावं आहेत, जॉइंट टेनन्ट्स असं लिहिलंय. सूट घेतलेली नाही.

भाडेपावती
मग वाईट बातमी. सक्सेशन, म्हणजे भाडेकरूच्या मृत्यूनंतर टेनन्सी वारसाकडे जाणं, कायद्याने एकदाच होतं. जॉइंट टेनन्सीतला एक गेला आणि दुसरा एकटा भाडेकरू उरला, तर तेच एक सक्सेशन धरलं जातं. २०१६ मध्ये कुणी फॉर्म भरला नसेल, तरीही. म्हणजे मामी स्वतःच कायद्याच्या भाषेत वारस आहेत आणि त्यांच्यानंतर भाच्याला कायदेशीर हक्क उरत नाही. रेडिंगचा फ्लॅट उद्या विकला तरी यात काही बदलत नाही. लोक मालमत्तेवर वाद घालत बसतात आणि हक्क कधीच वापरून झालेला असतो, हे या विषयात फार दिसतं.

मामींनी लहान घरात बदली घेऊनही सुटका नाही. सहा महिन्यांच्या आत त्याच काउन्सिलचं दुसरं घर घेतलं तर वारस हा शिक्का, नव्या करारात वेगळं लिहिलं नसेल तर, सोबत जातो. म्युच्युअल एक्स्चेंजमध्येही (दोन भाडेकरूंनी आपसात घरं बदलणं) तेच.

राहिला काउन्सिलचा स्वेच्छाधिकार. काही काउन्सिलांचं धोरण असं असतं की, हक्क नसलेल्या पण बरीच वर्षं राहिलेल्या किंवा शुश्रूषा केलेल्या नातेवाइकाला नवी टेनन्सी देता येते, त्याच घरात किंवा लहान घरात. मालमत्तेचा प्रश्न इथे मात्र थेट येतो, कारण घर वाटपाच्या नियमांत स्वतःचं घर असलेल्यांना सहसा बाहेर ठेवतात. ठाण्याचा हिस्सा फॉर्मवर लिहायचाच, परदेशातली मालमत्ता विचारलेली असेल तर लपवू नका. खोट्या माहितीवर मिळालेली टेनन्सी त्याच कारणासाठी काढून घेता येते.

तसं काही मिळालं नाही तर मामींच्या पश्चात काउन्सिल नोटीस टू क्विट (घर सोडण्याची नोटीस) देते. मृत्युपत्र असेल तर एक्झिक्युटरला (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला), नसेल तर पब्लिक ट्रस्टीलाही (अशा नोटिसा घेणारा सरकारी अधिकारी) प्रत जाते. मुदत किमान चार आठवडे. मग कोर्ट. त्या काळात भाचा जे पैसे भरतो ते "यूज अँड ऑक्युपेशन" (घर वापरल्याचा मोबदला) म्हणून घेतात, भाडं म्हणून नव्हे. पावती मिळाली म्हणून टेनन्सी झाली असं समजू नका.

वेम्बलीची
आमची केस वेगळी: आई पहिल्यापासून एकटीच भाडेकरू, टेनन्सी २००३ ची, भाऊ सहा वर्षं तिच्याबरोबर राहतोय, त्याचाही भाड्याने दिलेला फ्लॅट आहे. आई केअर होममध्ये जाणार. आम्ही काय करावं?

क्रॉयडनकर
तुमच्याकडे हक्क शिल्लक आहे, म्हणून क्रम नीट सांभाळा. हयातीत टेनन्सी नावावर करता येते (असाइनमेंट), पण ज्याला ती द्यायची तो "आत्ता आई गेली असती तर वारस ठरला असता" या कसोटीत बसला पाहिजे. म्हणजे तेच १२ महिने, तेच मुख्य घर. (टेम्सकाठच्या मामी स्वतःच वारस आहेत, म्हणून तिथे ही कसोटी पार होत नाही आणि हयातीतही नावावर करता येत नाही.)

ती डीडनेच करावी लागते: लेखी, "हे डीड आहे" असा स्पष्ट उल्लेख, आईची सही साक्षीदारासमोर. नुसतं पत्र चालत नाही. हाऊसिंग ऑफिसला आधी कळवा आणि हाऊसिंग सॉलिसिटरकडून मसुदा करून घ्या.

सगळ्यात मोठी चूक: आई आधी कायमची केअर होमला जाते आणि मग महिन्याभराने कागद करायला घेतात. तोवर ते घर तिचं मुख्य घर राहिलेलं नसतं, टेनन्सी सिक्युअर उरत नाही आणि डीडला अर्थ राहत नाही. आधी डीड, मग केअर होम. आईची समज ढळत चालली असेल तर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी कोणाकडे आहे ते आजच बघा.

डीड झाल्यावर त्या घरावर आईचा काही हक्क उरत नाही हे तिला नीट समजावून सांगा. भाऊही मग वारस धरला जाईल, त्याच्यानंतर पुढे कुणी नाही.

भाडेपावती
एक फरक जोडतो. मृत्यूनंतर जोडीदार सोडून इतर नातेवाइकाला टेनन्सी मिळाली आणि घर गरजेपेक्षा मोठं असेल, तर मृत्यूनंतर ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान काउन्सिल नोटीस देऊन लहान घरात जायला सांगू शकते. पर्यायी घर देणं मात्र तिला बंधनकारक, आणि कोर्टाने ते वाजवी ठरवलं पाहिजे. हयातीतल्या डीडला हा आधार लागू होत नाही.

युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) घेत असाल तर भाड्याने दिलेला फ्लॅट भांडवलात मोजला जातो, १६,००० पौंडांवर गेलात की काही मिळत नाही. भाडं स्वतःच्या खिशातून भरायची तयारी ठेवा.

घर काउन्सिलचं नसून हाऊसिंग असोसिएशनचं (परवडणाऱ्या भाड्याची घरं देणारी संस्था) असेल तर यातलं बरंच लागू नाही. १५ जानेवारी १९८९ नंतरच्या बहुतेक टेनन्सी अ‍ॅशुअर्ड असतात, म्हणजे वेगळ्या कायद्याखालच्या. तिथे कायद्याने फक्त जोडीदार, बाकी करारात असेल तेवढंच.

टेम्सकाठ
आमच्या केसमध्ये मग पुढचं पाऊल काय?

भाडेपावती
मामींच्या सहीने काउन्सिलकडे सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट (स्वतःबद्दलची नोंद मागण्याचा अर्ज) टाका आणि टेनन्सीची पूर्ण फाइल मागवा. फी नाही, साधारणपणे एका महिन्यात द्यावी लागते. १९९४ नंतर सरेंडर करून (जुनी सोडून देऊन) नवी टेनन्सी दिलेली कुठे दिसते का, आणि त्या करारात सक्सेशनबद्दल काय लिहिलंय, एवढंच शोधा. सोबत काउन्सिलचं सक्सेशन आणि स्वेच्छाधिकाराचं लेखी धोरण मागा. केअर होमची तारीख ठरायच्या आत हे दोन्ही हातात हवं.