हरित सेतू आणि २०० कोटींचे रोखे: फुटपाथसाठी कर्ज काढावं का?

चालता_बोलता

पिंपरी-चिंचवड महापालिकेने जून २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढले. मुदत ५ वर्षं, व्याज ७.८५ टक्के, मुंबई शेअर बाजारात नोंदणी, आणि मागणी पाचपटीहून जास्त. पैसा दोन कामांसाठी आहे. एक म्हणजे निगडी प्राधिकरणातला ‘हरित सेतू’, पायी आणि सायकलने फिरण्याचं सलग जाळं. दुसरं टेल्को रस्ता, गवळी माथा ते इंद्रायणीनगर चौक. पाण्यासाठी कर्ज काढलं तर कुणी काही बोलत नाही (पुण्याने २०१७ मध्ये काढलंच होतं). फुटपाथसाठी म्हटलं की लगेच ‘चैन’ हा शब्द येतो.

माझं मत: बरोबर केलं. अंदाजपत्रकात पदपथाची तरतूद दरवर्षी असते आणि वर्गीकरणात, म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवताना, पहिला बळी तिचाच जातो. जानेवारी-फेब्रुवारी आला की उड्डाणपुलाच्या बिलासाठी पैसे तिथून उचलायचे. रोख्यांचा पैसा ज्या कामासाठी जाहीर केला त्यालाच लागतो, आणि तो कुठे खर्च झाला हे गुंतवणूकदारांना सांगावं लागतं. शिवाय असे मार्ग तुकड्यांत उपयोगाचे नसतात. नगरसेवक निधीतून एका गल्लीत २०० मीटर ब्लॉक बसतात, पुढे नाला, त्यापुढे विजेचा डीपी. पुण्यात २०१७ च्या सायकल आराखड्यात ८०० किमीहून जास्त जाळं कागदावर आहे. सलग १० किमी कुठे मिळतं ते दाखवा.

जमाखर्च

असहमत. २०० कोटींवर ७.८५ टक्क्यांनी वर्षाला १५ कोटी ७० लाख व्याज. हरित रोख्यांसाठी केंद्राकडून २० कोटी प्रोत्साहन मिळतं, ते सव्वा वर्षाच्या व्याजात संपलं. पाण्याच्या योजनेला निदान पाणीपट्टी आहे. फुटपाथला काय आहे?

फेड कशातून होते तेही बघा. कराची वसुली आधी एस्क्रो (फेडीसाठी राखीव) खात्यात जाते, तिथून हप्त्याचे पैसे बाजूला निघतात, उरलेलं पालिकेच्या हातात. म्हणजे चिखली-तळवडे-चऱ्होलीचा करदाताही हा हप्ता भरतो. ही गावं १९९७ मध्ये पालिकेत आली, आणि आजही तिथल्या कित्येक रस्त्यांना धड गटार नाही, फुटपाथ तर सोडाच. कर्जाचं निम्मं काम कुठे? प्राधिकरणात! १९७२ पासून आखून वसवलेला भाग, शहरातले सगळ्यात ऐसपैस रस्ते आधीच तिथे. ज्याच्या ताटात आधीच वाढलंय त्यालाच पुन्हा वाढायचं.

सेक्टर_पंचवीस

ऐसपैस रस्ते *होते*. आता सायकल ट्रॅक, झाडांचे वाफे, बाकडी करून निम्मा रस्ता गेला. आणि सायकली कुठे आहेत? दिवसभर ट्रॅक रिकामा. पाहुण्यांच्या गाड्या, टँकर, शाळेच्या बस उभ्या कुठे करायच्या?

खडी_मुरूम

वरच्या तिघांचंही लक्ष पैशावर किंवा रुंदीवर आहे. असे मार्ग कशाने मरतात हे साइटवर बघा, क्रमाने सांगतो.

पहिलं, मोजमाप. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत पदपथाची *मोकळी* रुंदी किमान १.८ मीटर आहे, डोक्यावर २.२ मीटर मोकळं, कर्बची (कडेच्या दगडाची) उंची १५० मिमीच्या वर नको. नकाशात १.८ दिसतं, प्रत्यक्षात त्यातच दिव्याचा खांब, फीडर पिलर (विजेची पेटी) आणि झाडाचं आळं बसवतात, उरतो ९० सेंटिमीटर. खांब, झाडं, डीपी यांची वेगळी एक मीटरची पट्टी हवी आणि दुकानं असतील तिथे त्यांच्या दारासमोर आणखी अर्धा मीटर. म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास जागा नसेल तर ‘दर्जेदार पदपथ’ लिहू नये. सायकल मार्ग एकेरी २ मीटर, दुहेरी ३. शेजारी गाड्या लागत असतील तर मध्ये पाऊण मीटर सोडा, नाहीतर गाडीचं दार उघडलं की सायकलवाला आडवा.

दुसरं, सोसायट्यांची फाटकं. दर १५-२० मीटरवर फुटपाथ खाली उतरवतात आणि पुन्हा चढवतात. उंटाच्या पाठीवरून चालल्यासारखं होतं. म्हातारी माणसं मग रस्त्यावरूनच चालतात आणि लोक म्हणतात, ‘फुटपाथ बांधला तरी कुणी वापरत नाही.’ उलट करायचं असतं: फुटपाथ सपाट ठेवायचा आणि गाडीने चढायचं. कर्बलगतच्या खांब-झाडांच्या पट्टीत उतार बसतो, चालणाऱ्याच्या पट्टीला हात लावावा लागत नाही.

तिसरं, गल्लीच्या तोंडावरचं उंच क्रॉसिंग. पदपथाच्या उंचीला रस्ता उचलला की गाडीचा वेग आपोआप पडतो, उत्तम उपाय आहे. पण रस्ता उचलला म्हणजे तुम्ही पाण्याला बांध घातला. चढाच्या बाजूला, क्रॉसिंग सुरू होण्याआधीच दोन्ही कडांना जाळीचं चेंबर हवं आणि ते पावसाळी गटाराला *जोडलेलं* हवं. पूर्वगणनपत्रकात (खर्चाच्या एस्टिमेटमध्ये) चेंबर असतं, जोडणीचा पाइप नसतो. पहिल्या जोरदार पावसात तिथे गुडघाभर डबकं साचतं, दुकानदार ओरडतात आणि जेसीबीने क्रॉसिंग काढून टाकलं जातं.

चौथं आणि सगळ्यात मोठं म्हणजे खोदाई. ब्लॉक बसले की सहा महिन्यांत केबलवाला येतो. मीटरभर खोल चर, सगळी माती एकदम परत ढकलायची, वर ब्लॉक मांडायचे. दीडशे मिलिमीटरचे थर, पाणी, धुम्मस, यातलं काही नाही. पावसात चर बसतो, ब्लॉक खाली जातात, कडा उभ्या राहतात. सायकलचं पुढचं चाक तिथेच अडकतं. म्हणून सायकल मार्गावर पेव्हर ब्लॉक नकोतच. दाबलेल्या खडी-मुरुमावर डांबराचा गुळगुळीत थर, किंवा काँक्रीट टाकून वेळेत सांधे कापायचे. ब्लॉक चालण्याच्या पट्टीला ठीक.

चालता_बोलता

@सेक्टर_पंचवीस, दिवसभर म्हणजे किती वाजता? सकाळी ११ ला ट्रॅक रिकामाच असणार. टेल्को रस्त्यावर मोजणी पहिल्या पाळीच्या आधी, पहाटे साडेपाच ते सात, आणि पाळी सुटताना करायची. कारखान्यात जाणारा सायकलवाला हेल्मेट-लायक्रात नसतो, त्याच्या हँडलला डबा लटकलेला असतो, म्हणून तो बहुधा मोजणीत ‘दिसत’ नाही. प्राधिकरणात शाळेच्या वेळा धरा. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार, चालणारे वेगळे मोजा. आणि हो, काम सुरू होण्याच्या *आधी* ही मोजणी केली नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडणार? ही पालिकेची चूक असेल तर ती मीही मान्य करतो.

पार्किंगचं: समांतर लावलेल्या गाडीला ५ मीटर लांबी लागते. १०० मीटरला २०, फाटकं आणि कोपरे वगळून १४-१५. तेवढ्यासाठी २ मीटर सार्वजनिक जमीन फुकट द्यायची का, हा प्रश्न आहे. द्यायची असेल तर भाडं घ्या.

सेक्टर_पंचवीस

भाडं घ्या म्हणणं सोपं आहे. पे अँड पार्कचे फलक लागतात, वसुलीला माणूस नसतो, तुमच्या त्या सुंदर सायकल ट्रॅकवरच फुकट गाडी लागते. आणि दुचाकींचं काय? संध्याकाळी सिग्नल तुंबला की सगळ्या ट्रॅकवर.

खडी_मुरूम

दुचाकींवर खात्रीचा उपाय नाही, हे कबूल. बोलार्डमध्ये (गाड्या अडवणाऱ्या बुटक्या खांबांमध्ये) १.२ मीटर अंतर ठेवलं तर व्हीलचेअर जाते आणि स्कूटरही जाते, स्कूटरचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास. अंतर कमी केलं की स्कूटर अडायच्या आधी व्हीलचेअर अडते. वळणाचं फाटक लावलं तर मागे कॅरिअर असलेली सायकल, मुलांची गाडी, सगळेच अडकतात. त्यातल्या त्यात उपयोग होतो तो दोन गोष्टींचा: ट्रॅकच्या तोंडाशी एकच बोलार्ड मध्यभागी (मागे-पुढे रंगवलेला, नाहीतर अंधारात सायकलवालाच धडकतो), आणि सिग्नलच्या अलीकडे ५० मीटर ट्रॅक पदपथाच्या उंचीला उचलणं. बाकी काम पोलिसाचं.

पूररेषा

खरा हरित मार्ग हवा तर रस्त्यावर भांडण कशाला? पवना, इंद्रायणी, नाल्यांचे काठ आहेत की. जमीन सरकारी, गाड्या नाहीत, सावली आहे.

जमाखर्च

मुंबईतल्या पवई तलावाचं विसरलात. तलावाकाठी सायकल ट्रॅक सुरू केला, मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि भराव काढून जागा पूर्ववत करायला सांगितली. घालायचा खर्च, काढायचा खर्च.

खडी_मुरूम

नदीकाठाची अडचण दोन प्रकारची. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, भराव केला तर पाणी समोरच्या काठावर चढतं. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरल्यावर नदीपात्राचं महत्त्व सांगायला नको. भराव न करता, आहे त्या पातळीवर मुरुमाची पायवाट ठेवली तर चालेल, पण ती पावसाळ्यात बंद, आणि दरवर्षी गाळ काढायचा. दुसरं, नदीकाठ फिरायला छान, कामाला जायला नाही. लोकांना स्टेशनला, शाळेला, मंडईला जायचं असतं. पिंपरीहून भक्ती-शक्ती चौकापर्यंत सुमारे साडेचार किमी मेट्रो वाढते आहे. त्या स्टेशनांपर्यंत चालत पोचता आलं नाही तर प्रत्येक जण दुचाकी घेऊनच निघणार, आणि मग @सेक्टर_पंचवीस यांच्या फाटकासमोर परक्या गाड्या लागणार.

पूररेषा

मुंबईत तानसा जलवाहिनीलगत ३९ किमीचा सायकल मार्ग आखला, तो नदीकाठ नव्हता.

जमाखर्च

आणि त्या वाहिनीलगतच्या झोपड्या हलवून लोकांना माहुलला पाठवलं, जिथली हवा राहण्यालायक नाही असं न्यायालयात निघालं. सरकारी जमीन ‘मोकळी’ असते हा गैरसमज आहे. पुनर्वसनाचा खर्च प्रकल्पाच्या किमतीत कधी धरत नाहीत, म्हणून किलोमीटरचा दर स्वस्त दिसतो.

मूळ मुद्द्यावर येतो. @खडी_मुरूम यांनी खोदाईचं लिहिलं त्याने माझा आक्षेप उलट पक्का होतो. रोख्याची मुदत ५ वर्षं, ठेकेदाराचा दोष-दायित्व कालावधी (बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत) साधारण ३. चौथ्या-पाचव्या वर्षी आपण मोडक्या ब्लॉकवर व्याज भरत असू. कर्जाला माझा तात्त्विक विरोध नाही, देखभालीचं स्वतंत्र लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं खातं) नसताना काढलेल्या कर्जाला आहे. पुण्यात ज्याला ‘७२ ब’ म्हणतात, तशी पुढच्या वर्षांची तरतूद आजच बांधा. बांधकाम खर्चाच्या वर्षाला ३ टक्के म्हणा, म्हणजे २०० कोटींना ६ कोटी. ते दाखवा, मी मत बदलतो.

चालता_बोलता

६ कोटी मान्य. पार्किंगचं भाडं आणि खोदाई शुल्क त्याच लेखाशीर्षात टाका, म्हणजे करावर भार कमी. पण ‘आधी चिखली, मग प्राधिकरण’ हे मान्य नाही. चिखलीत रस्त्याची रुंदीच ताब्यात नाही. भूसंपादन, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात बांधकामाचा हक्क), कोर्ट. तिथल्या जागेची वाट बघत ५ वर्षं रोख्यांचा पैसा बँकेत ठेवायचा का, व्याज भरत?

जमाखर्च

म्हणजे ज्याची जमीन आखून मिळाली त्यालाच सगळं पुढेही मिळणार. हा हिशेब कधी बदलायचा ते सांगा.

खडी_मुरूम

तोवर निविदेत एवढं तरी घाला: पदपथाखाली ११० मिमीचे चार रिकामे पाइप, दर ५० मीटरला आणि प्रत्येक क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना चेंबर. नवी केबल त्यातूनच जाईल, बाहेरून खोदाईला परवानगी नाही. चेंबरचं झाकण फरशीच्या पातळीला, सायकल मार्गाच्या बाहेर. पाइपांची दोन्ही तोंडं बंद करून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत गाळाने भरतात आणि केबलवाला पुन्हा शेजारीच खोदतो.

सेक्टर_पंचवीस

झाकण पातळीला, हे एकदा तरी कुणी करून दाखवा.