भिंतीशी प्रस्पंद की निस्पंद?

अर्धविराम: सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खालचे जाड सूर, वाजवणारा स्पीकर) खोलीत कुठे ठेवावा, यावरच्या लेखाचा अनुवाद करतोय. एका खुर्चीत बेस अंगावर येतो, शेजारच्या खुर्चीत गायब. अशा जागांना मी अनुक्रमे पाठ्यपुस्तकातले 'प्रस्पंद' आणि 'निस्पंद' वापरले. "भिंतीशी प्रस्पंद असतो" असं लिहिलं, तर पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मामांनी लाल रेघ मारली: भिंतीशी निस्पंद! पण भिंतीला टेकून बसलं की बेस वाढतो, हे तर मी रोज ऐकतो.

खुंटी: दोघंही बरोबर. मामा हवेच्या हालचालीबद्दल बोलतायत, भिंतीशी ती थांबते. कानाला कळतो दाब, आणि तो तिथेच सर्वांत जास्त. 'दाब-प्रस्पंद' लिहा.

झोपाळा: हे वाचून कोण सबवूफर हलवेल? आम्ही 'घुमरी जागा', 'मुकी जागा' म्हणतो. 5 मीटर लांब खोलीत साधारण 34 हर्ट्झचा सूर मधोमध मुका होतो, आणि नेमका तिथेच सोफा असतो. इक्वलायझरवर (सुरांची पातळी कमीजास्त करायचं साधन) तो सूर कितीही चढवा, मुकी जागा बोलत नाही. त्यापेक्षा सोफा सरकवा.

कानामात्रा: घुमणे छान! त्यावरूनच घुमट. शिवाय 'बेस' कशाला, आपला 'खर्ज' आहे की.

खुंटी: घुमट फारसी गुंबदवरून आलाय.

कानामात्रा: मग घुमटाखाली आवाज घुमतो हा निव्वळ योगायोग?

झोपाळा: खर्ज म्हणजे मुळात षड्ज. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, सा 69 हर्ट्झच्या आसपास येतो. सबवूफर त्याच्याही पुष्कळ खाली उतरतो. 'बेस'च राहू द्या, सगळ्यांना कळतं.

अर्धविराम: बरं, पुढचं वाक्य. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्याशी एकेक सबवूफर ठेवला, की त्या दिशेचा पहिला मोड (त्या भिंतींमध्ये घुमणारा सर्वांत खालचा सूर) दोघं मिळून… 'मारतात'? 'खोडतात'?

खुंटी: 'खोडतात'. एक ढकलतो तेव्हा दुसरा उलट ढकलतो.

झोपाळा: उलट नाही हो, दोघं एकाच वेळी ढकलतात. तो मोड एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला कमी मागतो, म्हणून उठतच नाही. 'उठू देत नाहीत' म्हणा.

अर्धविराम: आणि सबवूफर खुर्चीवर ठेवून आपण भिंतीकडेने रांगत जायचं, बेस सपाट लागेल ती जागा सबवूफरसाठी पकडायची. 'सपाट' चालेल?

झोपाळा: सपाट म्हणजे बेचव. 'एकसारखा'.

कानामात्रा: माझ्या आजोबांच्या कोशात घुमट घुमणेखालीच दिलाय. फोटो टाकू का?