कार्ड नवं, एफपीएस जुनेच: आरटीएक्स ४०६० टाकल्यावर प्रोसेसर अडवायलाय का?

लातूर_रिग
नमस्कार मंडळी. जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड काढून आरटीएक्स ४०६० बसवलं. प्रोसेसर रायझन ५ ३६००, बोर्ड बी४५०, १६ जीबीची एकच डीडीआर४ स्टिक (वर ३२०० छापलंय), एसएमपीएस (वीजपुरवठा) ५५० वॅट, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. सायबरपंक गेममध्ये गर्दीच्या बाजारात शिरलं की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ५० च्या आसपास येऊन गेम अडकायलाय. सेटिंग हाय ठेवा नाहीतर लो, आकडा तोच. कार्डाचा वापर ५५-६० टक्के, प्रोसेसरचा ५०. दोघंही निम्मे मोकळे, मग अडतंय कुठं? दुकानदार म्हणतो बोर्ड-प्रोसेसर दोन्ही बदला. खरंच लागतंय का?

नांदेड_बेंच
भाऊ, आत्ताच काही विकत घेऊ नका. तो ५० टक्क्यांचा आकडा फसवा आहे. ३६०० ला १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या वाटा), आणि टास्क मॅनेजर त्या सगळ्यांची सरासरी दाखवतो. गेमचा मुख्य थ्रेड एकच. तो जीव तोडून पळत असला तरी एकूण वापरात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के. त्यात विंडोज त्याला या कोरवरून त्या कोरवर हलवत राहतं, म्हणून एखाद्या कोरचा आलेख १०० ला टेकलेला दिसेलच असंही नाही.

नजर कार्डाच्या वापरावर ठेवा. ९५-९९ टक्के असेल तर कार्ड पुरतं राबतंय. ९० च्या बरंच खाली असेल तर त्याच्याकडे वेळेवर कामच पोचत नाही. अर्थात, आपणच कुठं लगाम लावून ठेवलेला नाही ना, ते आधी तपासा: व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग), गेममधली एफपीएस मर्यादा, ड्रायव्हरमधला कमाल फ्रेमरेट. सगळं बंद.

मग आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअरं लावून पडद्यावर कार्डाचा वापर, प्रोसेसरचा क्लॉक (वेग), तापमान आणि फ्रेमटाइम (एक फ्रेम बनायला लागणारा वेळ) घ्या. एकच सेव्ह, बाजारातली एकच वाट, ६० सेकंद, तीनदा. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते एआयनं मोठं करणारी सोय) बंद ठेवून आधी १०८०पी, मग ७२०पी. ७२०पीला एफपीएस तेवढेच राहिले तर अडथळा प्रोसेसर-रॅमकडं आहे. त्यानंतर गेममधली क्राउड डेन्सिटी (गर्दीचं प्रमाण) लो करून तीच वाट चाला. आकडा चढला की खात्रीच झाली, कारण माणसांच्या हालचालींचा हिशोब प्रोसेसरच करतो.

डीएलएसएस लावून इथं काही हाती लागत नाही. त्यानं कार्डाचं ओझं उतरतं, आणि तुमचं कार्ड तर आधीच रिकामं बसलंय. फ्रेम जनरेशननं (मधल्या फ्रेम कार्डानंच बनवून भरणं) आकडा फुगेल, पण माउसचा प्रतिसाद ५० एफपीएसचाच राहील.

परभणी_रॅमवाला
मला तर रॅमचाच संशय यायलाय. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये डीरॅम फ्रिक्वेन्सी बघा. तिथं दिसतो तो आकडा दुप्पट करायचा असतो: १६०० म्हणजे ३२००, १२०० म्हणजे २४००. बायोसमध्ये (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालू केलं नसेल तर स्टिकवर ३२०० छापलेलं असूनही ती कमी वेगानंच चालते.

एक स्टिक २४०० वर म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी. दोन स्टिक ३२०० वर म्हणजे ५१.२ जीबी. ३६०० चा आतला इन्फिनिटी फॅब्रिकही (आतले भाग जोडणारा मार्ग) रॅमच्या तालावर चालतो, १६०० ऐवजी १२०० मेगाहर्ट्झवर. म्हणजे दुहेरी मार बसतो. दुसरी स्टिक त्याच मॉडेलची घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर (प्रोसेसरकडं जाणाऱ्या एकाच वाटेवर) जातात आणि खर्च पाण्यात. ३२०० वर मशीन उठलं नाही तर ३००० ठेवा, आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅमची चाचणी) चालवा.

दुसरं, उन्हाळा. खोलीतच ४० अंश असेल तर सोबत आलेला छोटा पंखा काय करणार? ३६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, तिथं पोचला की क्लॉक पाडतो. गेममध्ये ४ गिगाहर्ट्झच्या आसपास दिसायला पाहिजे. बाजूचं झाकण काढून तीच चाचणी घ्या. तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर दोष कॅबिनेटच्या हवेचा. जाळीवरची धूळ काढा, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब आत जातात.

लातूर_रिग
१०८०पीला ५१, ७२०पीला ५२. क्राउड डेन्सिटी लो केल्यावर ६३. सीपीयू-झेडमध्ये १२००, चॅनल सिंगल. तापमान ८४, क्लॉक ४.० वर टिकून. बी४५० वर पीसीआयई ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) आहे, त्यानं काही अडतंय का?

संभाजीनगर_एएम४
मग रोग सापडला. उष्णता नाही, रॅम आहे. ४०६० आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, त्यामुळे ३.० वर थोडा फटका बसतो, पण ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरेपर्यंत तो फारसा जाणवत नाही. कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्येच आहे ना, एवढं बघा.

आज एक्सएमपी चालू करा, त्याला पैसा लागत नाही. मग दुसरी स्टिक. एवढं करून पुन्हा तीच वाट चालून मोजा. तरी कमी वाटलं तर बोर्ड न बदलता रायझन ५ ५६०० बसतो. त्यासाठी:

जुना ३६०० बसलेला असतानाच बायोस अपडेट करा, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून. मशीन यूपीएसवरच ठेवा, मध्येच लाइट गेली तर बोर्ड मुका होतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. नवा प्रोसेसर बसला की बोर्ड एफटीपीएम (कुलपाच्या किल्ल्या जपणारा सुरक्षा भाग) रीसेट करू का विचारतो, आणि हो म्हटल्यावर विंडोज ती की मागतं.

हीटसिंक (प्रोसेसरवरचा थंड करणारा धातूचा भाग) काढण्याआधी १० मिनिटं गेम चालवून त्याखालची पेस्ट कोमट होऊ द्या. मग मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि हीटसिंक डावी-उजवीकडं हळूच फिरवत सुटा करा. सरळ वर ओढला तर एएम४ (या बोर्डाचा सॉकेट) चा प्रोसेसर लॉक असूनही त्याला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. आणि बायोस अपडेटनंतर एक्सएमपी पुन्हा बंद झालेलं असतं. पहिल्यांदा मशीन चालू करतानाच ते परत लावा.