मदत हवी आहे: आईच्या डीएलसीओ चाचणीचा (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी) आकडा कितपत धरायचा?

नमस्कार मंडळी. आई 64 वर्षांची, कधीच धूम्रपान नाही. आठ महिने कोरडा खोकला, एक जिना चढली की धाप लागते. स्पायरोमेट्रीत (फुंकून करायची श्वासाची चाचणी) एफव्हीसी, म्हणजे एका दमात जोराने बाहेर टाकलेली एकूण हवा, अपेक्षेच्या 72 टक्के. एचआरसीटीत (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आयएलडीची, म्हणजे फुफ्फुसाच्या ऊतींना सूज किंवा व्रण येणाऱ्या आजाराची शंका, म्हणून डॉक्टरांनी डीएलसीओ सांगितली.

अडचण इथेच आहे. किंचित कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा खोल ओढून 10 सेकंद श्वास धरायचा असतो. आईला सहाव्या-सातव्या सेकंदालाच खोकला येतो. नाकाला क्लिप, तंत्रज्ञ ‘धरा आजी, धरा’ म्हणतायत आणि तिचे डोळे पाण्याने भरलेले, बघवत नव्हतं. चार प्रयत्नांत एकदाच जेमतेम 8 सेकंद जमले. त्या एकाच प्रयत्नावर रिपोर्टमध्ये अपेक्षेच्या 48 टक्के आलंय.

शिवाय तिचं हिमोग्लोबिन 8.6 आहे. रक्त कमी असलं की हा आकडाही खाली येतो, पण रिपोर्टमध्ये दुरुस्तीचा रकाना कोरा आहे. बायकांसाठीच्या नेहमीच्या सूत्राने मी हिशोब केला तर 59 येतात. लॅबला फोन केला, ‘डॉक्टरांनाच विचारा’ म्हणाले. अपॉइंटमेंट 12 दिवसांनी आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, बसलेली असताना ऑक्सिजनची पातळी 95. चाचणीआधी कोमट पाणी देऊन पाहिलं, खोकला थांबला नाही.

उपचार इथे विचारत नाहीये. फुफ्फुसाच्या चाचण्या रोज करणाऱ्यांनी किंवा हे घरात अनुभवलेल्यांनी एवढंच सांगा: एकाच प्रयत्नाचा हा आकडा पुढच्या तुलनेसाठी पाया म्हणून चालेल का, की हिमोग्लोबिन वाढल्यावर पुन्हा करून घ्यावी, आणि तेव्हा खोकला 10 सेकंद आवरायला तुमच्याकडे काय उपयोगी पडलं?