मदत हवी आहे: ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हलका अँटिव्हायरस कोणता टाकू?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. घराच्या पुढच्या खोलीत टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम करते. लॅपटॉप एकच आहे. तो बसला की त्या दिवसाचं काम बसलं.

लॅपटॉप असा: सेलेरॉन एन३०६० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुन्या पद्धतीची हार्डडिस्क, विंडोज १०. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, त्यामुळे तो रस्ता बंद आहे. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दीड जीबी.

मागच्या आठवड्यात बाजूच्या गावचे एक काका आले होते. महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या अर्जांचं पोर्टल) ठिबकसाठी त्यांची निवड झाली होती, कागदपत्रं अपलोड करायची होती. सातबारा स्कॅन केला आणि लॅपटॉप जागीच थांबला. माउस हलत होता, पण क्लिक केलेलं काही उघडेना. टास्क मॅनेजर उघडायलाच दोन-तीन मिनिटं गेली. उघडल्यावर बघते तर डिस्कचा वापर १०० टक्के, आणि सगळ्यात वर 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल'. म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, डिफेंडर. काका सारखे घड्याळाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "काहून बसलं वं बाई हे? मले पाचची यष्टी धरा लागते." ते गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. कापूस वेचणीच्या दिवसात शेतकऱ्याचा एक दिवस माझ्या लॅपटॉपपायी गेला, याचं मला फार वाईट वाटलं.

दोघातिघांनी सांगितलं, डिफेंडर बंदच करून टाक. ते मी करणार नाही, आणि का ते सांगते, कारण उत्तर देताना तुम्हाला त्याचा विचार करावा लागेल.

दोन वर्षांपूर्वी एकाने मला मराठी टायपिंगचं क्रॅक केलेलं (पैसे न देता चालवायचं, चोरीचं) सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. टाकताना त्याने डिफेंडर बंद केला, म्हणाला नाहीतर हे चालत नाही. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. पुढे काही दिवसांनी दहावीतला एक मुलगा प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन आला. त्यातल्या फोल्डरच्या चित्राला डाव्या कोपऱ्यात लहानसा बाण होता. क्लिक केलं तर एक काळी खिडकी क्षणभर चमकली आणि मग फाइली नेहमीसारख्या दिसल्या. प्रिंट काढून दिली, विषय संपला असं वाटलं.

तो शॉर्टकट व्हायरस होता. खऱ्या फाइली लपवतो, त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो, आणि आपण क्लिक केलं की आधी स्वतः चालतो, मग फाइल उघडून देतो, म्हणून लवकर संशयच येत नाही. त्यानंतर माझ्या लॅपटॉपला जो पेनड्राइव्ह लागला, त्यात तो गेला. शाळेतल्या मॅडमच्या पेनड्राइव्हमध्ये गेला. गावातल्या सहा बचत गटांचे हिशेब मी एका पेनड्राइव्हवर ठेवते, त्यात गेला. सगळ्या वह्यांच्या जागी बाण दिसले तेव्हा हातपाय गार पडले. बायकांनी शंभर-दोनशे रुपये करून जमवलेल्या पैशांचा हिशेब होता तो. नंतर कळलं की फाइली गेलेल्या नव्हत्या, नुसत्या लपवलेल्या होत्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये अॅट्रिब कमांड देऊन परत दिसायला लागल्या. पण ज्यांचे पेनड्राइव्ह माझ्याकडून बिघडले, त्यांच्या घरी जाऊन मला सांगावं लागलं.

तेव्हापासून क्रॅकचं काही ठेवलं नाही. टायपिंग विंडोजमध्येच असलेल्या मराठी फोनेटिक कीबोर्डवर करते. फाइलीच्या नावापुढचं एक्स्टेन्शन दिसेल असं सेटिंग ठेवलं आहे, म्हणजे पीडीएफच्या नावाने ईएक्सई (म्हणजे प्रोग्रामची फाइल) आली तर लगेच ओळखू येते. बाहेरचा पेनड्राइव्ह आला की त्यावर राइट क्लिक करून आधी स्कॅन.

आता मी काय काय करून पाहिलं ते सांगते.

एक मोफत अँटिव्हायरस टाकून पाहिला, नाव घेत नाही. दुसरा अँटिव्हायरस आला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो हे खरं, पण लॅपटॉप सुरू व्हायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला, आणि दर थोड्या वेळाने कोपऱ्यात 'आणखी चांगलं घ्या' म्हणून जाहिरात. काढून टाकला.

डिफेंडरचा पूर्ण स्कॅन रात्री ठेवून पाहिला. पण इकडे रात्रीच्या लाइनचा भरवसा नाही आणि बॅटरी पाऊण तासाच्या वर टिकत नाही. शिवाय रात्री मी लॅपटॉप बंदच करते. मग राहिलेलं काम तो दिवसा उरकायला बघतो, नेमकं गिऱ्हाईक समोर असताना. पॉवरशेलमधून (विंडोजला कमांड द्यायची खिडकी) स्कॅनने प्रोसेसर किती वापरायचा ती मर्यादा मूळच्या ५० टक्क्यांवरून २० वर आणली. थोडा फरक पडला. पण ही मर्यादा स्कॅनपुरतीच, फाइल उघडताना जी तपासणी होते तिला ती लागू नाही. आणि माझी अडचण तर डिस्कची आहे.

डेटा वाचावा म्हणून हॉटस्पॉट मीटर्ड केला (म्हणजे विंडोजला नेट जपून वापरायला सांगितलं), तर डिफेंडरची व्हायरसची यादीच चार दिवस जुनी राहिली. आता रोज सकाळी खोली झाडून झाली की आधी हाताने अपडेट करते, मग कामाला लागते.

माझे प्रश्न:

१. पैसे देऊन घ्यायचा तर क्विक हील की ईसेट नॉड३२? क्विक हील पुण्याची कंपनी, तालुक्याला सहज मिळतो, अडलं तर मराठीत विचारता येतं. ईसेट हलका म्हणून नाव ऐकलं आहे. पण ४ जीबी आणि साध्या हार्डडिस्कवर ज्यांनी स्वतः वापरला, त्यांचाच अनुभव हवा आहे. एसएसडीवर (नव्या पद्धतीच्या वेगवान डिस्कवर) चांगला चालतो हे मला उपयोगाचं नाही.

२. की अँटिव्हायरसचे पैसे वाचवून तेच एसएसडीत घालू आणि डिफेंडरच ठेवू?

३. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. डिफेंडरची यादी मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. मग मधल्या दोन वर्षांत नुसत्या यादीवर लोकांच्या आधार आणि पासबुकाची कामं करणं बरोबर आहे का? विंडोजचीच भोकं उघडी राहणार असतील तर कोणताही अँटिव्हायरस ती बुजवणार नाही, एवढं मला कळतं.

भर, तीन दिवसांनी:

एवढ्या जणांनी वेळ काढून लिहिलं, खरंच आभार. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम सुचवणाऱ्यांना सांगते, माझ्या अंगठ्याच्या मशीनचं सगळं विंडोजवर बसवलेलं आहे, ते सोडता येत नाही. पण दुसरा जुना लॅपटॉप मिळाला तर बाहेरचे पेनड्राइव्ह त्यावरच उघडायचे, ही सूचना मनापासून पटली.

बहुतेकांनी एसएसडीच सांगितली. तर तसंच ठरवलं आहे. तूर्त डिफेंडर राहील, झटपट स्कॅन दुपारी जेवायला उठते तेव्हा, आणि पूर्ण स्कॅन रविवारी. दारव्ह्याचा एकजण डिस्क बदलून देतो म्हणतो, पण लॅपटॉप एक दिवस ठेवून जा म्हणाला. त्यात लोकांच्या कागदपत्रांच्या प्रती आहेत, म्हणून जीव धजत नाही. जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं नवीन डिस्कवर घरीच घेता येतं का? त्याला यूएसबीची कोणती केबल लागते, आणि मधेच लाइन गेली तर जुन्या डिस्कवरचं काही जाईल का? हे ज्यांनी स्वतःच्या हाताने केलं आहे त्यांनी कृपया सांगा.