मदत हवी आहे: स्टॉक मॅच पिस्तुलावर २५ हजार कशात घालावेत?

होटगीरोड
पिस्तूल कंपनीतून आलं तसंच आहे, काहीच बदललेलं नाही. स्पर्धा पुढच्या महिन्यात. बजेट २५ हजार, त्यापुढे एक रुपया नाही. यादी अशी: इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, नळीची वजनं, नवी मूठ, फायबरची पुढची साइट (नेम धरायची खूण). यातलं आधी काय घेऊ? ग्रुप फुटतोय, म्हणजे गोळ्या एका जागी पडत नाहीत, गुण पुढे सरकत नाहीत. 'आधी सराव वाढवा' हे उत्तर नको. लवकर सांगा, ऑर्डर टाकायची आहे.

अचूक_दहा
कुठलं पिस्तूल? १० मीटर एअर की .२२? डावा हात की उजवा? ग्रुप फुटतोय म्हणजे गोलाकार पसरतोय, की एकाच बाजूला जातोय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

पार्कचौक
फायबर साइट यादीतून आत्ताच काढा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात ती बसत नाही. साधी, उघडी साइटच पाहिजे.

शिसमवाला
मूठ बाहेरून मागवू नका ओ. सीमाशुल्क भरूनच बजेट संपेल. आपल्याकडे शिसमाचा चांगला ठोकळा मिळतो, कोरीव काम करणारा सुतार गाठा. हातात भरणारी मूठ झाली की निम्मं काम झालं.

होटगीरोड
१० मीटर एअर, अजून कुठलं असणार. स्टायर एलपी-२. उजवा हात.

अचूक_दहा
एलपी-२ असेल तर इलेक्ट्रॉनिक ट्रिगरही काढा, तो मागाहून बसवता येत नाही. त्यासाठी पिस्तूलच वेगळं घ्यावं लागतं. गोळ्या कुठे पडतात ते अजून सांगितलं नाही तुम्ही.

होटगीरोड
बऱ्याचशा डावीकडे खाली. आठ, कधी सात. मधूनच दहा.

अचूक_दहा
हे आधी सांगायला हवं होतं. नळी चांगली की वाईट हे पहिल्यांदा ठरवा. पिस्तूल मऊ कापड लावून शिकंज्यात धरा, मूठ काढून, फ्रेमवर हलका दाब. १० मीटरवर एकाच डब्यातल्या पाच-पाच गोळ्या झाडा. भोकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजा. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी असतं. ग्रुप ७-८ मिमीत बसला तर नळी आणि गोळी दोन्ही निर्दोष, मग त्यावर खर्च नको. मोठा आला तर दुसऱ्या हेड साइजच्या (गोळीच्या डोक्याचा व्यास) गोळ्या घेऊन बघा, ४.४९ आणि ४.५० मिमी. आरडब्ल्यूएस आर-१० पिस्तुलाची ०.४५ ग्रॅमची, एच अँड एन फिनाले मॅचची ०.४९ ग्रॅमची. एक-एक डबा पुरे.

वेगमापक
वेग पण मोजा, रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) बिघडला असेल. दोन शॉटमध्ये ५ मीटर प्रति सेकंदाचा फरक आला की रेग्युलेटर बदलायचा.

अचूक_दहा
वेगमापक, इथे तो मुद्दाच नाही. साधारण १५० मीटर प्रति सेकंद वेगाला १० मीटरवर गोळी सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास खाली येते. वेग ५ ने बदलला तर त्यात दीड मिमीचा फरक, तोही फक्त वर-खाली. आठ आणि सातच्या गोळ्या यातून येत नाहीत, डावीकडे तर मुळीच जात नाहीत.

वेगमापक
दीड मिमी म्हणजे काठावरचा दहा जातो! रेग्युलेटर गळत असेल तर थांबून मारलेला पहिला शॉट वेगळा पडतो, तेवढं तरी तपासायला काय हरकत आहे?

पार्कचौक
तपासा, पण फुकट होतं तेवढंच. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या डावीकडे खाली म्हणजे बोट किंवा मूठ. दोन गोष्टी बघा. ट्रिगरच्या बोटाचा मुळाकडचा भाग लाकडाला घासतो का? घासत असेल तर बोट मागे येताना पिस्तूल डावीकडे ढकललं जातं. तिथलं लाकूड खरवडून कागद सहज सरकेल एवढी फट ठेवा. दुसरं, ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवून पहिल्या पेराचा मध्य तिच्यावर सरळ येईल अशी लावा. लांब पडली की बोट तिरकं ओढतं.

होटगीरोड
ट्रिगर हलका केला तर?

पार्कचौक
नियमात ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम. ५१० ते ५२० वर ठेवा, तपासणीत तीनच संधी मिळतात. मोजताना हवा भरलेली आणि पिस्तूल कॉक केलेलं पाहिजे, नाहीतर आकडा फसवा येतो. पहिल्या टप्प्याला ३५०-४०० आणि उरलेलं दुसऱ्याला, म्हणजे भिंत (दुसरा टप्पा सुरू होतो ती अडण्याची जागा) स्पष्ट लागते पण झटका द्यावा लागत नाही. ट्रिगर-स्टॉप, म्हणजे ट्रिगरला मागे अडवणारा स्क्रू, शॉट सुटल्यानंतर जेमतेम जागा राहील असा लावा.

शिसमवाला
मुठीचं कुणी बोलतच नाही.

अचूक_दहा
बोलतो. नवी मूठ घ्यायच्या आधी आहे ती घडवा. पिस्तूल धरा, डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसते का? दर वेळी खाचेत डावीकडे दिसत असेल तर पिस्तूल हातात डावीकडे वळलेलं बसतंय आणि तुम्ही मनगट वळवून ते सरळ करताय. शॉट सुटताना मनगट परत जागेवर जातं. मुठीच्या मागच्या उजव्या अंगाला, तळहाताची टाच टेकते तिथे, एम-सीलचा एक-दोन मिमीचा थर द्या. ओल्या एम-सीलवर पातळ प्लास्टिक ठेवून पूर्ण पकड घ्या, ठसा उमटू द्या. रात्रभर सुकवा, १२० च्या पॉलिश पेपरने घासा, परत तपासा. एका वेळी एकच जागा. तळहाताखालची पट्टी हाताला टेकेल इतकीच वर आणा. जोरात दाबली की दहा मिनिटांत करंगळी बधिर होते.

शिसमवाला
एम-सील घामाने निसरडं होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूडच टिकतं.

पार्कचौक
ओल्या थरावर लाकडाचा भुसा दाबला की ती अडचण राहत नाही. चिकट काही लावू नका, नियमात चालत नाही. तळहाताखालच्या पट्टीचा मुठीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, तिची कड वर वळलेली नको, मूठ हाताला वेढणारी नको, अंगठा वर मोकळा सुटला पाहिजे. सुताराला हे कोण समजावणार? शिवाय शिसम जड, तोल मागे जातो.

बोरामणी
पिस्तुलाला लायसन लागतं का? मुलाला घ्यायचं आहे.

पार्कचौक
४.५ मिमी बोअर आणि २० जूलच्या आतली ऊर्जा असेल तर नाही. मॅच पिस्तूल ५-६ जूलचं असतं. वेगळा धागा काढा.

वेगमापक
पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर कधीचा आहे ते कुणी विचारलंच नाही. पिस्तूल नवं घेतलं की जुनं?

होटगीरोड
जुनं घेतलंय. सिलिंडरवर तारीख आहे, नीट बघितली नाही. हवा गच्चीवर हातपंपाने भरतो.

वेगमापक
आत्ता बघा. बनवल्यापासून १० वर्षं झाली असतील तर सामान तपासणीत अडवतील. २५ हजारांतला पहिला हक्क सिलिंडरचा. आणि गच्चीवर, गाडीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ६० अंश झालेल्या डिकीत २२० च्या वर जातो. उन्हाळ्यात १८० लाच थांबा. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही नाही, आतल्या ग्रीसला लागला तर स्फोट होतो. ओ-रिंगला (हवा अडवणारी रबरी कडी) फक्त सिलिकॉन ग्रीस.

होटगीरोड
शिकंज्यात ग्रुप ७ मिमी आला. डोळे मिटून तपासलं, साइट खाचेत डावीकडेच दिसते. सिलिंडरची दहा वर्षं या डिसेंबरला पूर्ण होतात. वजनं घेऊ का मग?

अचूक_दहा
नको. सिलिंडर मागवा, म्हणजे स्पर्धेच्या आत हातात येईल. उरलेल्या पैशांत शिकंज्यात जमलेल्या त्याच बॅचच्या गोळ्यांचे डबे घ्या. मूठ आज रात्री सुरू करा. साइट मधे यायला लागली की मागच्या साइटचे क्लिक पुन्हा लावावे लागतील, गोळ्या उजवीकडे सरकतील. वजनाचं त्यानंतर विचारा, २० ग्रॅमपासून.

शिसमवाला
आणि घासलेल्या लाकडाला जवसाचं तेल द्या, पातळ. व्हार्निश नको.